फेब्रुवारीत चिवडा कोण खातं?

नारायण पेठेत माझं हिशेबाचं छोटं ऑफिस आहे. लोक रिटर्न भरायला येतात, सह्या करतात, चहा पितात आणि उठता उठता पिशवीतून एक कोटेशन काढून टेबलावर ठेवतात. "काका, घेऊ का?" कुणाला टेम्पो घ्यायचा असतो, कुणाला भोसरीत गाळा, कुणाला नुसता लॅपटॉप. वस्तू कुठलीही असली तरी या प्रश्नाचं उत्तर काढायची रीत बहुतेक एकच असते. ती नुसती सांगण्यापेक्षा एका खरेदीचा हिशेब सगळाच मांडतो. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील थोडे बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत.

२०२५ च्या ऑगस्टअखेरची गोष्ट. धायरीच्या एक ताई आणि त्यांचे यजमान आले. त्यांचा फराळाचा कारखाना आहे, मुख्य माल पातळ पोह्यांचा चिवडा, २०० ग्रॅमची पाकिटं. मोशीच्या एका प्रदर्शनात त्यांनी पॅकिंगचं ऑटोमॅटिक मशीन पाहिलं होतं. रोल लावायचा, वरून चिवडा ओतायचा, खालून मिनिटाला पंचवीस पाकिटं बंद होऊन पडतात. किंमत साडेसहा लाख, वर १८ टक्के जीएसटी. २५ हजारांचं टोकनही देऊन झालं होतं. विक्रेत्याने कागदावर लिहून दिलं होतं : चौदा महिन्यांत पैसे वसूल.

यजमान व्यवस्थित माणूस. त्यांनी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडे फायदे लिहिले होते, उजवीकडे तोटे. फायदे नऊ, तोटे चार. "नऊ विरुद्ध चार," ते म्हणाले. ही रेघेची युक्ती फार जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन याने १७७२ साली आपला मित्र जोसेफ प्रीस्टली याला पत्रातून तीच कळवली होती. पण फ्रँकलिनने मुद्दे मोजायला सांगितले नव्हते, तोलायला सांगितले होते. तीन-चार दिवस मुद्दे सुचतील तसे लिहायचे, मग एका बाजूचा एक मुद्दा दुसऱ्या बाजूच्या दोन मुद्द्यांइतका जड वाटला तर तिन्ही खोडायचे, आणि शेवटी काय उरतं ते बघायचं. यजमानांच्या नऊ फायद्यांत "कारखाना आधुनिक दिसेल" हाही एक होता आणि "मजुरी वाचेल" हाही एक. दोघांना एकेक मार्क! लोक यादी करतात ती बरेचदा आधीच झालेल्या निर्णयाला साक्षीदार जमवायला.

मी यादी बाजूला ठेवली आणि विचारलं, "मशीन नाही घेतलं तर काय होईल?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. खरेदीचा हिशेब या प्रश्नापासून सुरू होतो. वस्तूची तुलना तिच्या किमतीशी करायची नसते, ती नसताना आपण जे करणार आहोत त्याच्याशी करायची असते. आणि त्यासाठी आज काय चाललंय हे आकड्यांत माहीत असावं लागतं. त्यांना ते तोंडपाठ नव्हतं, कुणालाच नसतं. बिलबुकं काढून तासभर बसलो तेव्हा चित्र असं दिसलं : वर्षाचे दहा महिने दरमहा सुमारे १५ हजार पाकिटं जातात, आणि दिवाळीच्या दोन महिन्यांत दरमहा ७५ हजार. एकूण वर्षाला तीन लाख. हाताने वजन करून, भरून, बँड सीलरवर बंद करायचं तर एक बाई महिन्याला साधारण १५ हजार पाकिटं करते. म्हणजे एरवी पॅकिंगला एक बाई पुरते, सीझनला पाच लागतात. पगार १४ हजार धरला तर पॅकिंगची मजुरी वर्षाला २ लाख ८० हजार.

आता मशीन. मिनिटाला पंचवीस म्हणजे तासाला दीड हजार पाकिटं. १५ हजार पाकिटांना दहा तास.

"दिवसाला?" ताईंनी विचारलं.

"महिन्याला."

एरवी महिन्याला दहा तास, सीझनला पन्नास. वर्षाचे मिळून २०० तास. विक्रेत्याने चौदा महिने काढले होते ते रोज आठ तास, महिन्याचे पंचवीस दिवस मशीन पळेल असं धरून, म्हणजे वर्षाला २,४०० तास. त्याने खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. त्याने मशीनचा हिशेब केला होता, धायरीच्या कारखान्याचा नाही. छापील माहितीपत्रकातली वसुली नेहमी पूर्ण पळणाऱ्या मशीनची असते. आपलं मशीन किती पळेल हा आपला प्रश्न.

मग किंमत बघू. साडेसहा लाख ही मशीनची किंमत झाली, खरेदीची नव्हे. या मशीनला दाबाची हवा लागते, म्हणून कॉम्प्रेसर आणि पाइप, ४० हजार. तयार पाऊच चालत नाहीत, छापील फिल्मचा रोल लागतो. आणि अशी छपाई करायची तर प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर बनवावा लागतो. चिवड्याचे चार प्रकार, प्रत्येकी पाच रंग, वीस सिलिंडर, एकेक पाच हजारांना धरला तरी लाख रुपये. शिवाय छापणारा पाच-दहा किलो रोल छापून देत नाही, शेकड्यात घ्यावे लागतात. पाकिटावरचा मजकूर बदलला की शिल्लक रोल रद्दी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तितकं नाही, पण साडेसहाचे ७ लाख ९० हजार झाले.

दुसऱ्याला हे शिकवताना माझ्याच ऑफिसातला एक प्रिंटर मला टोचत असतो. चार-पाच वर्षांपूर्वी सहा हजारांत मिळाला म्हणून रंगीत प्रिंटर घेतला. त्याची काडतुसं एवढी महाग की दुसऱ्या वर्षाअखेर शाईवर प्रिंटरच्या तिप्पट पैसे गेले होते, आणि रंगीत काय छापलं तर ऑफिसच्या सत्यनारायणाचं आमंत्रण. आता त्यावर फायली ठेवतो. घेताना सहा हजार दिसले, पानामागचा खर्च दिसला नाही.

आता बचत. मशीन आलं तर सीझनला पाचऐवजी दोन बायका पुरतील. एरवी एक आहे ती राहणारच, कारण मशीनलाही माणूस लागतो. म्हणजे वर्षाला ८४ हजारांची मजुरी वाचली. छापील फिल्म पाऊच-स्टिकरपेक्षा पाकिटामागे ४० पैसे स्वस्त, तीन लाख पाकिटांचे १ लाख २० हजार. त्यातून वीज, सर्व्हिस, झिजणारे भाग यांचे ४० हजार वजा. हातात राहिले १ लाख ६४ हजार. त्याने ७ लाख ९० हजारांना भागलं तर वसुलीला पावणेपाच वर्षं.

इथे एक सावधगिरी. "माझे रोज दोन तास वाचतील" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. वाचलेला तास म्हणजे पैसा नव्हे. त्या तासात दुसरं कमाईचं काम झालं, किंवा तेवढा पगार खरोखरच द्यावा लागला नाही, तरच तो पैसा. ताईंकडे सीझनच्या बायका दोन महिन्यांच्याच बोलीवर येतात, म्हणून ८४ हजार धरता आले. त्या वर्षभराच्या असत्या आणि ताईंनी त्यांना काढायचं नाही असं ठरवलं असतं (काढल्या नसत्या, मी त्यांना ओळखतो), तर हा आकडा शून्य झाला असता.

इतका वेळ गप्प असलेल्या ताई मग म्हणाल्या, "वजनाचं काय? हाताने भरताना जास्त जातं." पिशवीत नमुन्याची पाकिटं होती. खालच्या मजल्यावरच्या सोनाराकडे काटा आहे. तिथे दहा पाकिटं फोडून मोजली. चिवडा २०३, २०६, २०२, २०५... सरासरी २०४ ग्रॅम. पाकिटावर २०० लिहून पाकिटांची सरासरी त्याखाली गेली तर वजनमापाच्या कायद्याने अडकायला होतं, म्हणून भरणारी बाई चिमूटभर वरच टाकते. चार ग्रॅम म्हणजे ओंजळीतही दिसत नाहीत. पण तीन लाख पाकिटांत ते बाराशे किलो होतात. माल १५० रुपये किलोने पडतो असं धरलं तर वर्षाला १ लाख ८० हजारांचा चिवडा ताई फुकट वाटत होत्या. ही ओळ ना फायद्यांत होती ना तोट्यांत, आणि दोन्हींतल्या प्रत्येक ओळीपेक्षा ती मोठी निघाली.

चांगल्या वजन-यंत्राने त्यातलं निम्मं वाचेल असं धरू, ९० हजार. मोठ्या मशीनची वर्षाची बचत झाली २ लाख ५४ हजार, वसुली तीन वर्षांवर आली. यजमानांचा चेहरा उजळला.

पण वजन नीट करायला साडेसहा लाखांचंच मशीन कशाला? बाजारात अर्धस्वयंचलित वजन-भरणी यंत्रं मिळतात. यंत्र वजन करतं, बाईने पाऊच धरून पायाने पेडल दाबायचं, बंद करायला जुना सीलर. असं यंत्र ७० हजारांना धरा. सीझनला पाचऐवजी तीन बायका, म्हणजे ५६ हजार वाचले. वजनातले ९० हजार वाचले. देखभालीचे सहा हजार गेले. वर्षाला १ लाख ४० हजार. सहा महिन्यांत वसूल.

या लेखातला सगळ्यात कामाचा हिशेब आता येतो, तो जरा सावकाश वाचा. मोठं मशीन तीन वर्षांत वसूल होतं, मग तेही चांगलंच की! तसं नाही. लहान यंत्राचा पर्याय एकदा समोर आला की मोठ्याची तुलना "काहीच न घेण्याशी" करायची नाही, लहानाशी करायची. लहानापेक्षा मोठ्याला जास्त किती घालायचे? ७ लाख २० हजार. त्या जादा पैशावर जादा काय मिळतं? २ लाख ५४ हजार वजा १ लाख ४० हजार, म्हणजे १ लाख १४ हजार. ७ लाख २० हजार फिटायला सव्वासहा वर्षं. लहान यंत्राने जी कमाई होणारच होती ती मोठ्याच्या नावावर जमा झाली, म्हणून ते तीन वर्षांचं दिसत होतं. फोनपासून फ्लॅटपर्यंत सगळीकडे हीच गफलत होते. वरच्या मॉडेलचे सगळे गुण आपण मोजतो, त्यातले बहुतेक खालच्यातही असतात हे विसरतो.

आणि सहाव्या वर्षीचा रुपया हा आजचा रुपया नसतो. कर्जाचा दर ११ टक्के असेल तर पाचव्या वर्षाअखेर मिळणाऱ्या लाखाची आजची किंमत सुमारे ५९ हजार. म्हणून वसुली जितकी लांब, तितकी ती कागदावर दिसते त्याहून आणखी लांब.

"पण सगळे पैसे कुठे घालायचेत? बँक पाच लाख देतेय," यजमान. पाच लाख, ११ टक्के, पाच वर्षं : हप्ता १०,८७१ रुपये. बिगरसीझनला मोठ्या मशीनमुळे महिन्याला वाचणार साधारण ७,२०० (फिल्मचे सहा हजार, वजनाचे साडेचार, त्यातून देखभाल वजा). म्हणजे दहा महिने दरमहा साडेतीन हजारांहून जास्त पदरचे घालायचे आणि दिवाळीची वाट बघायची. हप्त्याला सीझन नसतो.

उरलेले पैसे आणखी बोलके. मशीन, जीएसटी, कॉम्प्रेसर, सिलिंडर मिळून नऊ लाखांच्या वर जातात. बँकेचे पाच वगळता चार लाख स्वतःचे, आणि तेही सप्टेंबरात. त्याच सप्टेंबरात मार्केट यार्डातून डाळं, शेंगदाणे, पोहे उचलायचे असतात, तेलाचे डबे भरायचे असतात. हे चार लाख सीझनमध्ये दोनदा फिरतात. दर फेरीला बारा टक्के सुटले तर दोन महिन्यांत ९६ हजार. पैसा मशीनमध्ये अडकला आणि तेवढा माल कमी झाला, तर हे ९६ हजार पहिल्याच वर्षी गेले. कोटेशनवर ते कुठेही लिहिलेले नसतात. अर्थशास्त्रात याला संधीची किंमत म्हणतात; मार्केट यार्डात म्हणतात पैसा बसला.

जीएसटीचं काय? "तो तर परत मिळतो ना?" मिळतो, पण रोख हातात नाही, विक्रीवरच्या करातून वजा होत जातो. त्यात सप्टेंबरच्या सुरुवातीला बातमी आली की २२ तारखेपासून पाकीटबंद नमकीनवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर येणार. गिऱ्हाइकाला उत्तम. पण ताईंना भरायचा करच कमी झाला, तर मशीनवरचे १ लाख १७ हजार वजा व्हायला तितके जास्त महिने लागणार. खरेदीवर जास्त आणि विक्रीवर कमी कर असेल तर सरकार फरकाचा परतावा देतं, मात्र तो कच्च्या मालावरच्या कराचा. यंत्रावरचा कर त्यात धरत नाहीत. जे कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांनी विक्रीवर ठोक दराने कर भरायची सोय) आहेत त्यांना तर ही वजावटच नाही, त्यांनी किंमत करासकटच धरायची.

इन्कम टॅक्स वाचतो म्हणून खरेदी करणाऱ्यांची रांग माझ्याकडे मार्चमध्ये लागते. साध्या मशीनवर वर्षाला १५ टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी उत्पन्नातून वजावट, मिळतो. साडेसहा लाखांवर ९७,५०० रुपये. एवढा टॅक्स वाचत नाही, एवढ्या उत्पन्नावरचा टॅक्स वाचतो. ३० टक्क्यांच्या टप्प्यात सेस सोडून २९,२५०. साडेसहा लाख घालून पहिल्या वर्षी एकोणतीस हजार वाचवण्यात कसली हुशारी? वस्तू लागतेच आहे तर सवलत घ्यावी, इतकंच.

त्यातली एक गंमत मात्र आपल्याकडची आहे. खरेदीच्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या यंत्रावर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. ३१ मार्चपासून मागे मोजत गेलं तर ३ ऑक्टोबर ही शेवटची तारीख. २०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता, म्हणजे मुहूर्तावर मशीन सुरू करणाऱ्यांचा निम्मा घसारा गेला. २०२५ चा दसरा आला २ ऑक्टोबरला, एक दिवस राखून! ताईंच्या सासूबाईंना खंडेनवमीला नव्या मशीनची पूजा करायचीच होती. त्यांना म्हटलं, पूजा करा, पण दसऱ्याला त्यावर चार पाकिटं भरून बिलही करा. कायदा वापर बघतो, हळदकुंकू नाही.

राहता राहिलं टोकन. "२५ हजार बुडतील हो," यजमान पुन्हा पुन्हा म्हणत होते. ते तर गेलेलेच होते. मशीन घेतलं काय, न घेतलं काय, त्या पैशाबद्दल आता ठरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ठरवायचं होतं ते पुढच्या सात-आठ लाखांचं. हे डोक्याला पटतं, मनाला पटायला दोन दिवस लागतात. तेवढे लागू द्यावेत. (शेवटी विक्रेत्याने टोकन सुट्या भागांच्या बिलात वळतं करून दिलं. मागितल्यावर. आधी कुणी मागितलंच नव्हतं.)

लहान यंत्र घ्यायचं ठरल्यावर यजमानांनी अकरा कोटेशनं जमवली. हर्बर्ट सायमन या अर्थतज्ज्ञाला १९७८ साली नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं साधं होतं : माणूस सगळे पर्याय तपासून सर्वोत्तम निवडत नाही, पुरेसं चांगलं सापडलं की थांबतो. यजमानांना थांबवावं लागलं. ७० हजारांच्या वस्तूत दोन-तीन हजारांचा फरक शोधायला त्यांचे आठ दिवस गेले होते. मी तीनच प्रश्न ठेवायला सांगितले. सर्व्हिसचा माणूस पुण्यात आहे की परराज्यातून येणार? दिवाळीआधी यंत्र बंद पडलं तर किती तासांत येईल? आणि आपलाच चिवडा नेऊन यंत्रावर भरून दाखवतील का? तिसऱ्याने दोन कोटेशनं परस्पर बाद झाली. चिवडा हा मिसळीचा माल. वरच्या डब्यात हलला की पोहे एकीकडे, शेंगदाणे दुसरीकडे. पहिल्या पाकिटात नुसते पोहे आणि शेवटच्यात दाण्यांची चैन. प्रदर्शनात यंत्र दाखवताना साखर भरून दाखवत होते.

मोठं मशीन कधीच घेऊ नये असं यातून निघत नाही. मी तेव्हाच आणखी एक आकडा काढून दिला होता. बिगरसीझनची विक्री १५ हजारांवरून ३० हजार पाकिटांवर गेली, तर लहानापेक्षा मोठ्यात घातलेल्या जादा पैशाची ती सव्वासहा वर्षांची वसुली तीन वर्षांच्या आत येते. कारण मशीन तेच, रोल तोच, सिलिंडर तेच. फक्त दहा तासांचे वीस तास होतात, आणि वाढीव मालाला नवी बाई लावावी लागत नाही. म्हणजे ताईंच्या खरेदीचा खरा प्रश्न मशीनचा नव्हताच. फेब्रुवारीत चिवडा कोण खातं, हा होता. ते गिऱ्हाईक हिंजवडीच्या कँटीनमध्ये आहे की मुंबईच्या दुकानांत, हे शोधायला सात लाख लागत नाहीत. एक स्कूटर आणि नमुन्याची पाकिटं लागतात.

या मार्चच्या सुरुवातीला ताई एकट्याच आल्या, रिटर्नची कागदपत्रं घेऊन. चहा झाला. उठता उठता पिशवीत हात घातला, तेव्हा मी कोटेशनच्या तयारीत बसलो. त्यांनी वही काढली. जानेवारी १७,२००, फेब्रुवारी १९,१००. त्याखाली लाल पेनाने ३०,००० लिहून गोल केलेला.

"तिथे पोचले की फोन करते," म्हणाल्या, आणि टेबलावर एक पाकीट ठेवून गेल्या. मी खाली सोनाराकडे जाऊन मोजलं. २०१ भरलं.